अंगणातली होडी

नंदू,

तुझी होडी मी मोडून टाकली. कालीपूजा झाल्यावरच्या बुधवारी सकाळी तुझ्या कारखान्यातला सुबल आला आणि दुपारी तीनपर्यंत अंगणात तिचं काही उरलं नाही. तुला जाऊन त्या दिवशी अठ्ठेचाळीस दिवस झाले होते. हे तुझ्यावर रागावून सांगत नाही, माफी मागायला म्हणूनही नाही. माफीची वेळ मी भाद्रपदातच घालवली. सांगते अशासाठी, की या घरात मराठीत सांगायला आता दुसरं कुणी नाही. काल कामाच्या शेफालीला चुकून म्हटलं, "अगं, दूध बघ, उतू जाईल." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि दूध उतू गेलं.

तुझ्या तेराव्याला सात माणसं होती. एवढ्या कलकत्त्यात आपल्याला ओळखणारी मराठी माणसं आता तेवढीच. त्यात बँकेच्या बदलीवर आलेली दोन तरुण जोडपी. त्यांनी तुला फक्त गणपतीत झांजा वाजवताना पाहिलेलं, तरी त्यातली एक मुलगी रडली. नंदूकाका किती हसवायचे, म्हणाली. सगळे तुझं कौतुक करत होते, मी खीर वाढत होते आणि मनात एकच होतं, की कुणीतरी मला विचारावं, ताई, हे कसं झालं? मी सगळं सांगून टाकलं असतं. कुणी विचारलं नाही. डेंगी, या वर्षी आपल्या बेहाला भागात घरोघरी आहे, एवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं.

घरोघरी असेल. आपल्या घरी तो कसा आला ते तुलाही माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू ऐकलेलं नाहीस.

आषाढात आपलं फ्लॅटवरून वाजलं. प्रमोटर तिसऱ्यांदा येऊन गेला होता. बाबांनी बांधलेलं घर पाडायचं, तिथे चार मजले उठवायचे, वरच्या मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट आपल्याला, आणि लिफ्ट. मला त्या लिफ्टपुढे दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. माझे गुडघे तुला माहीत होते. जिना उतरताना मी एकेका पायरीचा उद्धार करायची आणि तू खालून हसायचास.

"अंगण जाईल पण," तू म्हणालास.

"अंगणात आहे काय? तुळस कुंडीत जाईल. उरली तुझी होडी."

"ती चौथ्या मजल्यावर कशी नेऊ?"

"नेऊच नकोस. काढून टाक एकदाची. वीस वर्षं वाट अडवून बसली आहे."

तू होडीकडे बघितलंस. मग विचारलंस, "ताई, तुला राग होडीचा आहे की माझा?"

मी उत्तर दिलं ते बंगालीत. "आमि जानि ना," म्हटलं, मला नाही माहीत, आणि वर निघून आले. आपली ती लहानपणापासूनची खोड. गल्लीतल्या पोरांशी भांडून भांडून भांडणाची भाषा बंगालीच झाली होती. आई वैतागायची, भांडायचं तर मराठीत भांडा, कोण चुकलंय ते मला कळू दे. मग कधीतरी दोघांपैकी एकजण मराठीत काहीतरी क्षुल्लक बोलायचा, मीठ दे नाहीतर दार लाव, की भांडण मिटलं. साठी उलटली तरी आपला हाच नियम होता. या वेळी मात्र बंगालीही बंद झालं. शेफाली जिन्यावरून निरोप वर-खाली करायला लागली.

श्रावणात माझ्या गच्चीवरच्या खोलीचं छत गळायला लागलं. मी शेफालीला खाली पाठवलं आणि होडीवरची निळी ताडपत्री सोडवून वर आणवली. बाजारात ताडपत्र्यांची दोन दुकानं आहेत, मला दुसरी मिळाली असती. खरं सांगू? मला तुझीच हवी होती. तू तणतणत वर येशील, माझी ताडपत्री का नेलीस म्हणशील, मी दोन ऐकवीन, तू दोन ऐकवशील, आणि मग चहा टाकू. एवढाच माझा बेत होता. तू आला नाहीस.

पाऊस होडीत भरत गेला. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन वरच्या कठड्याशी उभी राहायची. तूही खाली होडीजवळ उभा असायचास, कंबरेवर हात ठेवून, पाण्याकडे बघत. मी तुझं टक्कल बघायची. तू वर बघायचा नाहीस. आठेक दिवसांनी शेफाली वर आली आणि म्हणाली, "दीदी, दादा ताडपत्री मागतोय. म्हणतोय, लगेच हवी."

मी म्हटलं, "त्याला सांग, हवी तर स्वतः येऊन माग म्हणावं."

बत्तीस वर्षं मी मुलींना भूगोल शिकवला, आणि पावसाळा आला की शाळेच्या आवारातल्या फुटक्या कुंड्यांमधलं पाणी मीच ओतायला लावायची. मला साचलेल्या पाण्याचं कुणी सांगायला नको होतं. पाणी होडीत तीन आठवडे होतं आणि ते मला रोज सकाळी दिसत होतं. तुझ्या खोलीची खिडकी होडीपासून चार हातांवर. हे सगळं मला दिसत होतं आणि मी तू वर येण्याची वाट बघत होते.

ताप आल्याचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. मऊ भात केला, वर तूप-मेतकूट घातलं आणि वाटी घेऊन खाली आले. दीड महिन्यात पहिल्यांदा तुझ्या खोलीत पाय टाकला. तू भिंतीकडे तोंड करून पडला होतास. "रेखे दाओ," म्हणालास. ठेवून दे. बंगालीत. मला ते इतकं लागलं की मी वाटी स्टुलावर ठेवली आणि परत वर आले. तुझ्या कपाळाला हात लावला नाही. तुला अंगदुखीने कूस वळवता येत नव्हती म्हणून तू भिंतीकडे तोंड करून होतास, हे मला दवाखान्यात डॉक्टरांनी लक्षणं सांगितली तेव्हा समजलं.

पाचव्या दिवशी तुला हलवलं. प्लेटलेट, रक्ताचा दाब, लिव्हर, रोज नवीन शब्द. अतिदक्षता विभागात मला पाच मिनिटं सोडलं. तुझ्या तोंडावर मास्क होता, डोळे उघडे होते. मी किती मराठी बोलले असेन, सांग! नंदू, घरी चल, फ्लॅट नको, काही नको. तू बोलू शकत नव्हतास. तू उजवा हात चादरीवरून जरा उचललास आणि दोन बोटं नि अंगठा गोल फिरवलास. एकदा, परत एकदा. मला वाटलं, सलाईनची चकती जोरात सुटली आहे, ती कमी करा म्हणतोयस. मी नर्सला हाक मारली. तिने चकती पाहिली, सगळं ठीक आहे म्हणाली. तू तरीही बोटं फिरवत होतास. मग वेळ संपली म्हणून मला बाहेर काढलं.

ताडपत्री मी होडीवर परत घातली ती तू गेल्यावर चौथ्या दिवशी. त्याच दिवशी महापालिकेच्या आरोग्य खात्याच्या दोन बाया आल्या. डेंगीने माणूस गेलेल्या घरी त्या येतातच. फुलदाण्या, कुंड्या, फ्रिजमागचा ट्रे सगळं तपासलं आणि मग ताडपत्री उचलून होडीत पळी बुडवली. पळीतल्या पाण्यात अळ्या वळवळताना मला ओझरत्या दिसल्या. थोरलीने ती मला दाखवली नाही, पाठ करून ओतून टाकली. धाकटी बोलून गेली, "अरे बाप रे, यातच तर..." थोरलीने तिला डोळ्यांनी गप्प केलं. त्यांनी बादल्यांनी उपसून होडी रिकामी केली, औषध मारलं, कागदावर माझी सही घेतली, आणि हे इथून हलवा, नाहीतर नोटीस येईल, असं चांगल्या शब्दांत सांगून गेल्या. मी त्यांना चहा विचारला. त्यांनी मला मोठ्याने दोष द्यायला हवा होता.

तेव्हापासून मला ती होडी डोळ्यांपुढे नको झाली. आणि गंमत बघ, ती कुणालाच नको होती. आपल्या गल्लीतला भंगारवाला आला, त्याने बोटाने टकटक केलं आणि हात झटकले. "ए तो फाइबार, दीदी. नेबो ना." हे तर फायबर, नाही नेणार; लोखंड घेईन, पितळ घेईन, पुठ्ठा घेईन, हे कुणी घेत नाही. कचऱ्याची गाडी घरातला ओला-सुका नेते, बारा फुटांची होडी नेत नाही. पूजेच्या क्लबात विचारलं, या वर्षी मंडपात काही नदीबिदीचा देखावा आहे का? नव्हता. शेजारचे मित्रकाका म्हणाले, जाळून टाक. मी तिच्याजवळ काडीसुद्धा ओढली नसती. वास किती विषारी सुटतो ते तूच शिकवलंस. प्रमोटरचा माणूस म्हणाला, माझ्यावर सोपवा, एखाद्या खालात सोडून देऊ. म्हणजे कुठल्यातरी नाल्यात नेऊन बुडवणार, आणि पुढच्या पावसात तिथलं पाणी तुंबणार. त्याला मी नाही म्हटलं. आता मला फ्लॅटही नको आहे. एकटीला चौथ्या मजल्यावर जाऊन करायचंय काय?

एके दिवशी मी तिच्यापाशी खुर्ची टाकून बसले आणि तिला शिव्या दिल्या. मग मलाच कसंसं झालं, कारण तिने माझं काय वाईट केलं होतं? एका सप्टेंबरात डायमंड हार्बर रोडवर मांडीएवढं पाणी होतं. मी शाळेतून परत येताना औषधाच्या दुकानाच्या पायरीवर अडकले होते. पिशवीत तीन वर्गांच्या उत्तरपत्रिका, साडी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली, आणि आजूबाजूला माझ्याच शाळेच्या पालकांची गर्दी. तेवढ्यात गल्लीच्या तोंडातून तू आलास. होडीत उभा, हातात बांबू, डोक्यावर आईची फुलाफुलांची छत्री, तिचा दांडा काखोटीला दाबून धरलेला. लोक टाळ्या वाजवायला लागले. मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"ताई, आधी उत्तरपत्रिका दे," तू ओरडलास. "तू पडलीस तर चालेल, त्या भिजल्या तर तू मला जिवंत सोडणार नाहीस."

त्या दिवशी तू संध्याकाळपर्यंत गल्लीत खेपा घातल्यास. मित्रकाकूंना डायलिसिसला नेलंस, कुणाचा गॅस सिलिंडर आणलास, शेवटी एक शेळीही आणलीस. मी वरून बघत होते आणि मला तुझा इतका अभिमान वाटला होता, की मी शेजारणीला म्हटलं, त्याला कामधंदा नाही दुसरा. हेच मला जमायचं. तुला तोंडावर बरं म्हणणं मला आयुष्यात जमलं नाही.

आणि ती बांधलीस तेव्हा! हावड्याच्या कारखान्यात तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाण्याच्या टाक्या आणि छपरं केलीस. कारखाना दुसऱ्याच्या हाती गेला तेव्हा उरलेलं रेझिन तुला दिलं, आणि तू रोज फेरीबोटीने नदी ओलांडताना जे मनात धरलं होतंस ते रविवारी अंगणात करायला बसलास. काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, वर रेझिन ब्रशने जिरवायचं, वाळलं की परत मॅट. आई नाकाला पदर लावून चहा आणून द्यायची आणि वरणालासुद्धा रेझिनचा वास येतो म्हणायची. तू मला हार्डनर घालायला बसवलंस. थेंब मोजून घाल, म्हणालास. माझ्यावर एवढा भरवसा, मास्तरीण ना मी! मी बोलण्याच्या नादात दुप्पट घातलं आणि डब्यातून धूर यायला लागला. तू तो घाईघाईने मागच्या बाजूला ओतून ब्रश मारलास. तिथे एक पिवळट गाठ राहिली. वीस वर्षं तू येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवायचास, हे आमच्या ताईचं काम.

सुबलला मी फोन केला तो नाइलाजाने. तुझ्याबरोबर त्याने पंचवीस वर्षं काम केलेलं, आता तोही म्हातारा झाला आहे. पिशवीत ग्राइंडर घालून फेरीने आला. आधी होडीभोवती एक फेरी मारली, मग हात जोडले. "दीदी, आणखी एकदा विचारतो. घेणारं कुणीच नाही?" मी म्हटलं, मी सगळीकडे विचारलं, तूही विचारलंस, अजून कुणाला विचारू? मधे नोटीस आलीच होती, तिची मुदत संपत आली होती हे खरं. पण नोटीस नसती तरी मी थांबले नसते. सकाळी कठड्याशी जायची मला भीती वाटत होती.

त्याने हातांना, गळ्याला मोहरीचं तेल चोळलं, धागे टोचू नयेत म्हणून. तोंडाला ओला गमछा बांधला, मलाही लांब बसवलं. कापायच्या रेषेवर ओली पोती टाकली आणि शेफालीला वरून पाणी ओतत राहायला सांगितलं, नाहीतर ती काचेची धूळ महिनाभर घरात राहते. पण ग्राइंडर लावण्याआधी तो होडीच्या मागच्या टोकाशी, टेकूच्या विटांमध्ये खाली वाकला, आणि तसाच राहिला.

"दीदी, बूच कोणी लावलं?"

मला कळेना. त्याने समजावलं. होडीच्या तळाला मागच्या बाजूला एक भोक असतं, त्याला आट्यांचं बूच. होडी पाण्यात घालताना ते लावायचं, जमिनीवर आली की पहिलं काम ते काढायचं, म्हणजे पावसाचं पाणी आपोआप वाहून जातं. कारखान्यात कुणी विसरला तर नंदूदा त्याच्यावर केवढा ओरडायचा! या होडीचं बूच तर त्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेलं असायचं. मग ते इथे कसं?

असं म्हणत त्याने ते काढलं. दोन बोटांनी आणि अंगठ्याने, गोल फिरवत.

नंदू, मी तुळशीच्या कट्ट्यावर बसले. सुबलला वाटलं, होडी कापतात म्हणून मला वाईट वाटतंय. मी त्याला हातानेच सांगितलं, काप.

दुपारपर्यंत त्याने तिचे परातीएवढे तुकडे केले. तुझं काम किती चांगलं होतं ते मला तेव्हा कळलं, ग्राइंडरची तीन पाती झिजली. माझी पिवळट गाठ सगळ्यात शेवटी तुटली. आणि अखंड होडी ज्यांना नको होती ते सगळे तुकडे न्यायला आले. चहावाल्याने मागचा सपाट तुकडा नेला, पावसाला आडोसा करायला. मित्रकाकांनी गटारावर झाकायला एक नेला. कुणी कोंबड्यांच्या खुराड्यावर घालायला. उरलेलं पोत्यांत भरून सुबलने डेब्रिसच्या गाडीत चढवलं. बूच त्याने माझ्या हातात दिलं. ते मी खिळ्याला टांगून ठेवलं आहे, दुसरं काय करणार.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मला विचारू नकोस. तू बूच का लावलंस? ताडपत्री मी काढली, हे माझं. पण बूच उघडं असतं तर थेंबभर पाणी साचलं नसतं. मग तू मुद्दाम लावलंस का? ताई बघत राहते तर बघू दे, तिच्या डोळ्यांदेखत होडी तुडुंब भरू दे, असं? तू इतका हट्टी होतास? मी होते, पण तू? मला तुझा भयंकर राग आला, नंदू. खोटं कशाला बोलू, तो राग मला बरा वाटला. पहिल्यांदा मला पोटभर जेवण गेलं. निम्मं पाप तुझ्याही पदरात टाकता आलं, म्हणून.

काल सकाळी फाटकाशी इंजिन लावलेली सायकल-व्हॅन येऊन थांबली. पन्नाशीचा माणूस, लुंगीवर स्वेटर, हातात दोरखंडाचं भेंडोळं. मागे दोघं गडी. "नंदबाबू आहेत का?" त्याने बंगालीत विचारलं. मी सांगितलं. तो पायरीवर बसला. मग म्हणाला, तरीच फोन लागत नव्हता. तो मंडल. शहराच्या पूर्वेला त्याची भेडी आहे, माशांची मोठी तळी. तू श्रावणात दोनदा त्याच्याकडे जाऊन आला होतास. मला कसं दिसलं नाही? मी सकाळी कठड्यावरून बघायची तेवढंच.

मंडल सांगत होता आणि मी दाराची चौकट धरून उभी होते. होडी त्याला तळ्यात फिरून माशांना खायला घालायला हवी होती. तू ती तशीच देणार होतास. एकच अट, तिला पाण्यातच ठेवायची. पण लगेच देईना. वीस वर्षांची जुनी आहे, आधी तपासतो, म्हणालास. "गळकी वस्तू मी कुणाला देत नाही. ताडपत्री तशीही वर गेली आहे, पावसाचं पाणी भरून ठेवतो, महिनाभरात कळेल. भरली की झाकून ठेवतो. कालीपूजेनंतर घेऊन जा."

"आणि एवढी सुंदर होडी का देताय, असं मी विचारलं," मंडल म्हणाला. "तर म्हणाले, दीदीचे गुडघे गेलेत, तिला लिफ्टचं घर हवं. आम्ही दोघं फ्लॅटमध्ये जाणार. मी म्हटलं, मग दीदी खूश असतील. तर हसले. म्हणाले, तिला अजून सांगितलं नाही. आमचं बोलणं बंद आहे. ती आधी बोलू दे, मग सांगतो."

त्याने अंगणभर नजर फिरवली. तिथे नुसत्या विटा होत्या, दोन ओळींत. होडी कुठे आहे ते मी त्याला सांगितलं. गड्यांना त्याने व्हॅन वळवायला सांगितली. मी चहा घ्या म्हटलं, त्याने नको म्हटलं. फाटकापाशी गेल्यावर थांबला, आणि दोरखंड खांद्यावर नीट करत, बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारल्यासारखं विचारलं.

"गळत होती का हो, दीदी?"

मी तीन आठवडे रोज सकाळी बघत होते, नंदू. माझ्याइतकं ते कुणालाच ठाऊक नाही.

"नाही," मी म्हटलं. "एक थेंबही गळला नाही."